मोटारीचा घोष आणि त्याचे शमन

१

मराठी भाषेने मोटारसायकलीला जे घरगुती नाव दिले ते तिच्या आकारावरून दिले नाही, तिच्या वेगावरूनही दिले नाही. ते दिले तिच्या आवाजावरून. ‘फटफटी’ हा शब्द अनुकरणवाचक आहे आणि तो ज्या ध्वनीचे अनुकरण करतो तो एका सिलिंडरच्या इंजिनाचा ध्वनी होय. चार धावांच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांमागे प्रत्येक सिलिंडरमध्ये एकदा स्फोट होतो. असे एकाच सिलिंडरचे इंजिन मिनिटाला हजार फेरे घेत असेल, तर सेकंदाला सुमारे आठ स्फोट कानी पडतात. हे आठ आघात कान सुटे सुटे ओळखू शकतो, म्हणून भाषेनेही ते सुटेच ठेवले: फट-फट-फट. आघातांची संख्या सेकंदाला वीसच्या पलीकडे गेली म्हणजे ते एकमेकांत मिसळू लागतात आणि त्यांचा एक अखंड स्वर बनतो. चार सिलिंडरची मोटार मिनिटाला ३००० फेऱ्यांनी चालत असता सेकंदाला १०० स्फोट होतात. तिची कोणी फटफटी म्हणून संभावना करीत नाही. तिची ‘घरघर’ होते.

हा आवाज आटोक्यात ठेवणाऱ्या पेटीचे नाव मराठीत इंग्लंडमधून आले. तिकडे तिला ‘सायलेन्सर’ म्हणतात, म्हणून आपल्याकडेही गॅरेजमध्ये, पोलिसांच्या दप्तरात आणि वर्तमानपत्रांत तोच शब्द रूढ झाला. अमेरिकेत त्याच वस्तूला ‘मफलर’ हे नाव आहे. तो शब्दही मराठीत आला, परंतु गळ्याभोवती गुंडाळण्याच्या लोकरी पट्ट्याचा वाचक होऊन. ही दोन्ही नावे अर्थदृष्ट्या उद्बोधक आहेत. एक नाव कार्याचे फळ सांगते, म्हणजे शांत करणारा. दुसरे नाव कार्याची रीत सांगते, म्हणजे गुंडाळून आवाज दाबणारा. वस्तुतः त्या पेटीत जे घडते त्याचे वर्णन या दोहोंपैकी एकाही नावाने पुरते होत नाही. ती आवाज नाहीसा करीत नाही आणि केवळ गुंडाळूनही ठेवीत नाही. आवाजाच्या एका अंशाला ती अडवते आणि दुसऱ्याला वाट देते.

जुन्या स्पोर्ट्स कारचा शौक करणाऱ्या मंडळींपुढे आज जो प्रश्न उभा राहतो, तो या भेदाशी निगडित आहे. इंजिनात फेरबदल करून शक्ती वाढविलेली जुनी मोटार शेजाऱ्यांना आणि खुद्द चालकालाही असह्य होण्याइतकी गरजू लागते. तेव्हा अधिक शांत सायलेन्सर निवडावयाचा म्हणजे नेमके काय निवडावयाचे? शांततेसाठी शक्तीचा बळी द्यावा लागतो ही समजूत या क्षेत्रात दृढ आहे. तिचा खरेखोटेपणा पारखण्यास इतिहासाइतके चांगले साधन नाही.

२

मोटारीच्या आवाजाविषयीची तक्रार मोटारीइतकीच जुनी आहे. अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या कोलंबस या गावी मिल्टन व मार्शल रीव्हज या बंधूंनी १८९६ च्या सुमारास मोटारगाडी बांधली आणि १८९७ साली इंजिनाच्या आवाजाचे शमन करणाऱ्या साधनाचे पेटंट घेतले. त्यानंतर १९०९ साली हायरम पर्सी मॅक्सिम याने बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट मिळविले. हा गृहस्थ मॅक्सिम तोफेचा जनक हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम याचा पुत्र. पित्याने जगाला एक भयंकर आवाज दिला आणि पुत्राने तो कमी करण्याचा उद्योग आरंभिला, हा योग विलक्षण म्हटला पाहिजे. पुढे त्याच्या कंपनीने यंत्रांच्या सायलेन्सरांकडेही लक्ष वळविले. हे साहजिकच होते, कारण बंदुकीची नळी आणि इंजिनाची नळी यांतील समस्या मूलतः एकच आहे: कोंडलेला तप्त वायू एकदम मोकळा होतो आणि हवेला धक्का देतो.

त्या काळच्या सायलेन्सरांत वायूला अनेक अडथळ्यांमधून वाट काढावी लागे. त्यामुळे इंजिनाची काही शक्ती खर्ची पडे, यात शंका नाही. म्हणून पुष्कळ मोटारींना ‘कटआउट’ नावाची झडप बसविलेली असे. चालकाने ती पायाने उघडली की वायू सायलेन्सरला वळसा घालून थेट बाहेर पडे. घाट चढताना शक्ती हवी म्हणून ही सोय होती. व्यवहारात मात्र ती गावातून मिरविताना अधिक वापरली जाई. ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेतील अनेक शहरांत रस्त्यावर कटआउट उघडण्यास पहिल्या महायुद्धापूर्वीच बंदी आली. सायलेन्सर म्हणजे शक्तीच्या वाटेतील धोंड, ही समजूत या कालखंडात रुजली. त्या वेळी ती निराधार नव्हती. परंतु साधन बदलले तरी समजूत मागे उरते, हा अनुभव येथेही आला.

३

या प्रश्नाला सामाजिक रूप आले ते इंग्लंडमधील ब्रुकलँड्स येथे. ब्रिटनमध्ये १९०३ च्या कायद्याने रस्त्यावरील वेगाची मर्यादा ताशी २० मैल ठरली होती. वेगवान मोटारी बनवावयाच्या तर त्या पळवून पाहण्यास जागा नव्हती. ह्यू लॉक किंग या जमीनदाराने सरे परगण्यातील वेब्रिज या गावानजीक स्वतःच्या जमिनीवर स्वखर्चाने काँक्रीटचा शर्यतमार्ग बांधला. त्याचा एक फेरा सुमारे पावणेतीन मैलांचा होता आणि वळणांवरचे उतरते बांध जवळजवळ ३० फूट उंच होते. जून १९०७ मध्ये या मार्गाचे उद्घाटन झाले.

उद्घाटनानंतर पंधरा दिवसांच्या आतच, २८ व २९ जून रोजी, एस. एफ. एज याने नेपियर मोटार या मार्गावर अखंड चोवीस तास चालविली आणि सुमारे १५८० मैल अंतर कापले. मोटारीच्या इतिहासात या पराक्रमाची नोंद वेगाचा व चिकाटीचा विक्रम म्हणून झाली आहे. शेजारच्या घरांत मात्र त्याच रात्री निराळी नोंद झाली असली पाहिजे. रात्रभर कंदिलांच्या उजेडात मोटारी फिरत राहिल्या आणि त्यांचा आवाज त्या शांत परगण्यात दूरवर पोहोचला. तक्रारी झाल्या, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि अखेरीस रात्रीच्या शर्यतींना मज्जाव झाला. या मज्जावाचे दूरगामी फळ पुढे दोन दशकांनी दिसून आले. फ्रान्समध्ये ल मान्स येथे १९२३ पासून चोवीस तासांची शर्यत होऊ लागली. ब्रुकलँड्सला तशी शर्यत भरविणे अशक्य होते. म्हणून १९२९, १९३० व १९३१ या वर्षी तेथे ‘डबल ट्वेल्व्ह’ ही शर्यत झाली. दोन दिवस बारा-बारा तास मोटारी पळत आणि मधल्या रात्री त्या कुलूपबंद राहत. शर्यतीचे रूप इंजिनाने ठरविले नाही, शेजाऱ्यांच्या झोपेने ठरविले.

महायुद्धानंतर मोटारींची संख्या व शक्ती वाढली, भोवताली घरेही वाढली, आणि १९२० नंतरच्या काही वर्षांतच आवाजाचा वाद पुन्हा न्यायालयात गेला. त्याच्या परिणामी त्या दशकाच्या मध्यापासून ब्रुकलँड्सवर धावणाऱ्या मोटारींना विशिष्ट मापांचा सायलेन्सर सक्तीचा झाला. हाच ‘ब्रुकलँड्स सायलेन्सर’ होय. त्याची रचना साधी होती: डब्यासारखी एक मोठी पोकळ पेटी आणि तिच्यापुढे माशाच्या शेपटीसारखी चपटी होत गेलेली नळी. अरुंद नळीतून येणारी ध्वनिलहर रुंद पेटीत शिरताच तिचा काही भाग मागे परततो. पेटीतून पुन्हा अरुंद नळीत जाताना आणखी काही परततो. शेपटीच्या फटीतून वायू पातळ पट्टीसारखा पसरून बाहेर पडतो.

सक्तीला चालकांचा विरोध होता, तो शक्ती कमी होईल या भीतीने. ती भीती कितपत खरी ठरली? सायलेन्सर सक्तीचा नव्हता त्या काळात, १९१३ च्या फेब्रुवारीत, पर्सी लॅम्बर्ट याने टॅल्बट मोटारीत एका तासात १०३.८४ मैल अंतर कापले. एका तासात शंभर मैलांचा पल्ला ओलांडणारा तो पहिला चालक. सायलेन्सरचा नियम लागू असताना, १९३५ च्या ऑक्टोबरात, जॉन कॉब याने नेपियर-रेल्टन मोटारीत ताशी १४३.४४ मैल वेगाने एक फेरा पुरा केला. ब्रुकलँड्सच्या बाह्य मार्गावरील हा सर्वोच्च वेग अखेरपर्यंत अबाधित राहिला. अर्थात ही प्रगती सायलेन्सरमुळे झाली असे कोणी म्हणणार नाही. ती विमानाच्या प्रचंड इंजिनामुळे व सुधारलेल्या यंत्रविद्येमुळे झाली. परंतु सायलेन्सरमुळे ती थांबली नाही, एवढे या दोन आकड्यांवरून निर्विवाद ठरते. १९३९ च्या ऑगस्टनंतर ब्रुकलँड्सवर शर्यत झाली नाही. तिला अडविले ते दुसऱ्या महायुद्धाने आणि विमानांच्या कारखान्याने. शेजाऱ्यांशी झालेल्या तडजोडीने उलट तिचे आयुष्य वाढविले होते.

४

या इतिहासाची पुढील परिणती अर्थविचाराच्या अभ्यासकाला विशेष रोचक वाटेल. ब्रुकलँड्सच्या मोटारी वेगवान होत्या आणि त्यांना मत्स्यपुच्छाकार नळ्या होत्या. म्हणून मत्स्यपुच्छाकार नळी ही वेगाची खूण ठरली. ज्या मोटारी शर्यतमार्गाच्या जवळपासही फिरकणार नव्हत्या त्यांच्या मालकांनीही ती हौसेने बसवून घेतली. आजही जुन्या ब्रिटिश मोटारींच्या शौकिनांना ब्रुकलँड्स पद्धतीचा नवा बनविलेला डबा भुरळ घालतो. शेजाऱ्याच्या तक्रारीवरून जन्मास आलेले साधन अशा रीतीने बेदरकार वेगाचे चिन्ह बनले. संस्कृतात अविचारी व दंडनीय कृत्याचा वाचक असलेला ‘साहस’ हा शब्द मराठीत प्रशंसेचा व्हावा, त्याच जातीचा हा अर्थपालट आहे. भेद इतकाच, की येथे पालटणारे चिन्ह शब्दाचे नसून लोखंडाचे आहे.

या पालटाचा एक तोटा असा झाला की स्पोर्ट्स कारचा आवाज आणि तिचे सामर्थ्य यांची लोकमानसात गाठ पडली. मोठा आवाज म्हणजे मोकळा श्वास आणि मोकळा श्वास म्हणजे मोठी शक्ती, असे समीकरण रूढ झाले. युद्धोत्तर काळात स्वस्त स्पोर्ट्स कारचा प्रसार झाला तेव्हा हे समीकरण हजारो तरुणांच्या हाती आले. त्या मोटारींचे एक ठळक उदाहरण म्हणजे इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून अधिक संख्येने तयार झालेली एमजीबी. तिच्या १७९८ घनसेंटिमीटरच्या चार सिलिंडरांच्या इंजिनामागे कारखान्याने दोन सायलेन्सर बसविले होते, एक मोटारीच्या मध्यभागाखाली व दुसरा शेवटी. शक्ती वाढविताना मालक सहसा बिडाचे मूळ मॅनिफोल्ड काढून नळ्यांचे बसवितो, कॅमशाफ्ट बदलतो, नळीचा व्यास वाढवितो आणि दोन पेट्यांऐवजी एकच सरळ पेटी ठेवतो. पहिल्या तीन गोष्टींनी इंजिनातून निघणारा आघात बळावतो. चौथीने तो अडविणारे निम्मे साधन नाहीसे होते.

५

आवाज मोजता येऊ लागल्यावर या वादाला आकड्यांची भाषा मिळाली. ‘डेसिबेल’ हे परिमाण १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेतील दूरध्वनी-अभियंत्यांनी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलच्या नावावरून रूढ केले. हे परिमाण गुणोत्तराचे आहे. ध्वनीची ऊर्जा निम्मी झाली तर मापन केवळ ३ डेसिबेलने उतरते आणि हा फरक कानाला जेमतेम जाणवतो. आवाज निम्मा झाला असे ऐकणाऱ्याला वाटावयाचे असेल तर सुमारे १० डेसिबेलची घट लागते, म्हणजे ऊर्जा एक दशांशावर यावी लागते. सायलेन्सर बदलूनही ‘काही फरक पडला नाही’ ही नेहमीची तक्रार या हिशेबाने उलगडते.

ब्रिटनमध्ये मोटारींच्या अतिरिक्त आवाजाविषयीचे नियम १९२९ साली झाले. विल्सन समितीने आवाजाच्या एकंदर प्रश्नाचा अहवाल १९६३ मध्ये सादर केला. युरोपीय आर्थिक समुदायाने १९७० साली नव्या प्रवासी मोटारींसाठी ८२ डेसिबेलची मर्यादा घातली. मोटार वेग वाढवीत मापकापासून साडेसात मीटरवरून जाते आणि त्या वेळचा आवाज मोजला जातो, अशी त्यातील रीत होती. ही मर्यादा १९८४ च्या दुरुस्तीने ७७ वर आणि १९९२ च्या दुरुस्तीने ७४ वर आणण्यात आली. जुन्या मोटारीला हे नवे आकडे सामान्यतः लागू होत नाहीत. परंतु सायलेन्सर सुस्थितीत ठेवावा आणि आवाज वाढेल असा फेरबदल त्यात करू नये, हे बंधन ब्रिटनच्या १९८६ च्या नियमांनी जुन्या मोटारींवरही ठेवले आहे. भारतातही १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी प्रत्येक मोटार वाहनास सायलेन्सर आवश्यक ठरविला. पुण्यामुंबईकडे फेरबदल केलेले मोटारसायकलींचे सायलेन्सर जप्त करून पोलीस ते रोडरोलरखाली चिरडतात, त्यामागेही हाच विचार आहे. ‘फटफटी’ हे नाव जिने मिळविले तिनेच ते पुन्हा सार्थ करावे, हे समाजाला आता मान्य नाही.

तथापि या मापनात एक गोम आहे. मानवी कान सर्व स्वरांना सारखी दाद देत नाही. खर्जातील ध्वनी त्याला मंद ऐकू येतात. फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ साली प्रसिद्ध केलेल्या समश्राव्यतेच्या वक्ररेषांनी हे दाखवून दिले. त्या धोरणाने मापकयंत्रात ‘ए’ नावाची भारयोजना आली आणि कायद्यातील आकडे तिच्याच आधारे मोजले जातात. या योजनेत सेकंदाला १०० कंपनांच्या ध्वनीतून सुमारे १९ डेसिबेल वजा होतात. म्हणजे मुळात १०० डेसिबेलचा खर्ज घोष नियमाच्या दप्तरी ८१ एवढाच नोंदला जातो. ही योजना मंद ध्वनींसाठी आखलेली होती. आवाज मोठा असता कान खर्जाला इतकी सूट देत नाही. आणि खर्जाचा घोष भिंतीतून, काचेतून व मोटारीच्या पत्र्यातून सहज पार होतो. परिणामी एखादी मोटार नियमाच्या मापात बसते, पण तिच्यात बसलेल्याचे डोके तासाभरात भणभणते आणि शेजारच्या घराची तावदाने हलतात.

६

याचे कारण समजून घेण्यास ध्वनिविज्ञानाचे साहाय्य होते. इंजिनाची जळका वायू सोडणारी झडप आणि मनुष्याचे कंठद्वार यांचे कार्य सारखे आहे. दोन्ही ठिकाणी कोंडलेली हवा ठरावीक कालांतराने आघातरूपाने मोकळी होते. कंठ संवृत असता नाद व विवृत असता श्वास, असा भेद प्रातिशाख्यकारांनी केला आहे. मोटारीच्या झडपेतून निघणारा ध्वनी या अर्थाने नादच होय. हा मूळ नाद पुढील नळीतून जाताना तिच्या लांबीनुसार व पोकळ्यांनुसार घडविला जातो. स्रोत निराळा आणि गाळणी निराळी, हे जे तत्त्व गुन्नार फांट याने १९६० साली वाणीच्या उपपत्तीत विशद केले, ते मोटारीच्या नळीलाही तंतोतंत लागू पडते. कंठापासून ओठांपर्यंतची नळी सुमारे १७ सेंटिमीटरची असते. एका टोकाला बंद व दुसऱ्या टोकाला उघडी अशी ही नळी तिच्या चौपट तरंगलांबीच्या ध्वनीला, म्हणजे सेकंदाला सुमारे ५०० कंपनांना, उचलून धरते.

शमनाच्या दृष्टीने अधिक उपयोगी दाखला अनुनासिकांचा आहे. ‘म्’ उच्चारताना ओठ मिटलेले असतात आणि हवा नाकावाटे जाते. बंद मुखविवर त्या वेळी मुख्य वाटेला जोडलेली एक आंधळी खोली बनते. या खोलीच्या लांबीला अनुरूप असा ध्वनी तिच्यात शिरतो, टोकाशी आपटून परततो आणि मुख्य प्रवाहातील त्याच ध्वनीशी नेमका विरुद्ध पडून त्याला खाऊन टाकतो. म्हणून ‘म्’च्या वर्णपटात सेकंदाला हजार कंपनांच्या आसपास एक पोकळी दिसते. ‘न्’च्या वेळी खोली आखूड असते, म्हणून ती पोकळी अधिक वरच्या पट्टीत दिसते. कारखान्यातील यंत्रतज्ज्ञ सायलेन्सरच्या पेटीत ज्या बंद खोल्या व आंधळ्या नळ्या बसवितात त्यांचे कार्य नेमके हेच आहे. मानेच्या पोकळ भांड्यांचे जे अनुनादक हेल्महोल्ट्झने १८६३ च्या ग्रंथात स्वरांच्या पृथक्करणासाठी वर्णिले, त्यांचाही तेथे उलटा उपयोग होतो: स्वर ऐकण्यासाठी नव्हे, तो गिळण्यासाठी.

आता फेरबदल केलेल्या एमजीबीकडे वळू. तिची एकमेव सरळ पेटी सामान्यतः शोषक जातीची असते. आत भोके पाडलेली सरळ नळी आणि तिच्याभोवती ठासलेले काचतंतू. वायूला तिच्यात कोठेही वळावे लागत नाही, म्हणून अडथळा नाममात्र असतो. परंतु काचतंतूंचा काही सेंटिमीटर जाडीचा थर कोणता ध्वनी शोषील? तप्त वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ५०० मीटर धरला, तर २००० कंपनांच्या ध्वनीची तरंगलांबी २५ सेंटिमीटर भरते. त्याला हा थर पुरेसा आहे. १०० कंपनांच्या ध्वनीची तरंगलांबी मात्र ५ मीटर भरते. तिच्यापुढे तो थर कःपदार्थ होय. म्हणजे शोषक पेटी आवाजातील कर्कश अंश काढते आणि खर्जाचा घोष तसाच सोडते. मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या आसपास, दूरच्या प्रवासात मोटार तासन्‌तास ज्या गतीने चालते तेथेच, हा घोष माजतो. मोटारीच्या आतील हवेची पोकळीही त्याला साथ देते. मालक मग त्याच जातीची आणखी एक छोटी पेटी आणून बसवितो आणि निराश होतो. त्याने दुसऱ्यांदा तेच अक्षर पुसलेले असते.

७

या विवेचनातून निवडीची तत्त्वे निघतात. पहिले तत्त्व असे, की प्रथम आवाजाचे निदान करावे. सांध्यातून वायू गळत असेल किंवा नळी पत्र्याला टेकत असेल, तर कोणतीही पेटी उपयोगी पडणार नाही. गळती बंद करावी आणि नळी लटकविणारे रबर तपासावे. दुसरे असे, की त्रास कर्कशतेचा आहे की खर्जाच्या घोषाचा, हे ओळखावे. कर्कशतेवर शोषक पेटी हा उपाय आहे. तिच्यातील तंतू कालांतराने जळतात व उडून जातात हे मात्र ध्यानात ठेवावे. घोषावर परावर्तक खोल्यांची पेटी किंवा बाजूस जोडलेली आंधळी नळी हा उपाय आहे. सेकंदाला १०० कंपनांचा घोष मारण्यास सुमारे सव्वा मीटर लांबीची बंद नळी लागते. ती मुख्य नळीला समांतर दुमडून बसविता येते. तिच्या वळणावरून इंग्रजीभाषक तिला ‘जे-पाइप’ म्हणतात. ती एकाच गतीभोवती प्रभावी असते हे खरे, पण घोषही एकाच गतीभोवती असतो.

तिसरे तत्त्व आकारमानाचे. खर्जाचे शमन करण्यास जागा लागते. इंजिनाच्या क्षमतेच्या कित्येक पट पोकळी असल्याशिवाय पेटी प्रभावी होत नाही. ब्रुकलँड्सचा डबा मोठा होता तो उगाच नव्हे. सडपातळ पेटी दिसावयास शोभिवंत असली तरी तिच्याकडून मोठ्या शांततेची अपेक्षा करू नये. म्हणून मध्यभागाखालील पेटी परत बसविणे, तेथे परावर्तक व शेवटी शोषक अशी जोडी योजणे, हा मार्ग सामान्यतः सर्वांत हितावह ठरतो. चौथे तत्त्व शक्तीचे. शक्ती हरते ती शांततेमुळे नव्हे, वायूच्या प्रवाहाला होणाऱ्या अडथळ्यामुळे. ध्वनीची लहर आणि वायूचा प्रवाह या दोन भिन्न वस्तू आहेत. लहर बाजूच्या खोलीत शिरून मरू शकते आणि त्याच वेळी प्रवाह सरळ वाटेने जाऊ शकतो. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या अडथळ्यांच्या पेट्यांत हा भेद पाळला गेला नव्हता; आज तो पाळता येतो. इंजिनाला नळीत ‘थोडा दाब हवाच असतो’ ही उलट दिशेची समजूतही या भेदाच्या अज्ञानातूनच आली आहे. त्याला दाब नको असतो, योग्य व्यासाच्या नळीतून मिळणारी वायूची गती हवी असते. गरजेहून रुंद नळी ती गती घालविते आणि आवाज मात्र वाढविते.

शेवटचा मुद्दा यंत्राचा नाही, नात्याचा आहे. गुडवुडचा शर्यतमार्ग १९४८ मध्ये सुरू झाला, १९६६ मध्ये तेथील शर्यती थांबल्या आणि १९९८ मध्ये जुन्या मोटारींच्या शर्यतींसाठी तो पुन्हा उघडला. तेथील कार्यक्रमांना आवाजाच्या मर्यादा आहेत आणि त्या मर्यादांच्या बळावरच ते चालू आहेत. ब्रुकलँड्सने जो व्यवहार न्यायालयात शिकून घेतला तोच येथे पायाभूत झाला आहे. जुनी स्पोर्ट्स कार रस्त्यावर राहावी असे ज्यांना वाटते, त्यांनी तिचा आवाज हा केवळ आपल्या हौसेचा विषय मानून चालणार नाही, कारण तो ऐकणारे सर्वच हौशी नसतात. आणि तिला पूर्ण मूक करण्याचेही कारण नाही. ‘म्’ उच्चारताना ओठ मिटतात, घोष मात्र चालू राहतो; त्यातील काही अंश वगळला जातो आणि उरलेल्याला स्वतःची ओळख मिळते. चांगला सायलेन्सर मोटारीच्या घोषाला याहून निराळे काही करीत नाही.